कुंपणाबाहेरची चूल

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या त्या कंपनीत गाड्यांचे ब्रेक बनायचे, पण रत्नप्रभाबाईंच्या जिभेला बसेल असा ब्रेक काही तिथे बनला नाही. माणूस मात्र मऊ. नवरा दिनकरराव शेजारच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात लागला म्हणून मिरजेहून इथे आल्या. तो निवृत्त होऊन टीव्हीसमोर बसला, तरी बाई कंपनीच्या कँटीनवर राज्य करतच राहिल्या. हाताखाली दहा बायका, सगळ्या तमिळ. बाईंचं तमिळ असं, की वाक्य पुरं होईस्तोवर सांबार आटायचं. पण बायकांचा त्यांच्यावर जीव. त्यातली भवानी तर सावलीसारखी मागे. तिच्या नवऱ्याची मूत्रपिंडं गेलेली. त्याचं डायलिसिस कंपनीच्या दवाखान्याच्या कार्डावर चालायचं. कार्ड आहे तोवर माणूस आहे, हे कँटीनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

अशात कंपनीने शपथ घेतली. म्हणे २०४५ पर्यंत नेट झिरो! म्हणजे आपला धूर जमेल तेवढा कमी करायचा, उरेल तो निस्तरायचा. घ्यावी की शपथ, कोण नको म्हणतंय? ज्या बाईने डिसेंबरच्या पावसात गुडघाभर पाण्यात उभं राहून भात शिजवलाय, तिला हवा बिघडलीय हे पटवावं लागत नाही. पण सह्या ठोकणारे झाडून सगळे तोवर घरी बसलेले असणार. नवस बोलायचा यांनी आणि फेडायचा कुणाच्या तरी नातवाने! असला नवस गल्लीतला म्हसोबासुद्धा ऐकून घेत नाही.

ही शपथ राबवायला पुण्याहून संजीव नावाचा साहेब आला. तरुण, गोरागोमटा, बूट पांढरेशुभ्र. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये डोकावून म्हणाला, "काकू, पिठलं मिळेल का हो?"

झालं! परमुलखात कुणी मराठीतून काकू म्हटलं की मराठी माणसाची अक्कल लोण्यासारखी पाघळते. बाईंनी पिठलं केलं, भाकरी केली, वर लसणीची चटणी. पोरगा रोज जेवायला येऊ लागला आणि एक दिवस हळूच म्हणाला, "काकू, या गॅसच्या भट्ट्यांचा धूर आपल्या कंपनीच्या नावावर पडतो हो. इथे विजेच्या शेगड्या बसवायच्यात. तोवर रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये स्वयंपाक करू या का? बायकांच्या थोड्या सह्या लागतील. तात्पुरत्या. तुम्ही सांगितलंत तर त्या ऐकतील."

बाईंनी सांगितलं. आपल्या मोडक्या तमिळमध्ये, छातीवर हात ठेवून सांगितलं, की पोरगा आमच्याकडचा आहे, फसवायचा नाही. भवानी जरा घुटमळली. मग तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि सही केली.

पुढे काय झालं, ऐका. भट्ट्या त्याच, सिलिंडर तेच, बायकाही त्याच. फक्त सगळं रस्त्यापलीकडे. मध्ये दुभाजक, म्हणून जेवणाचा डिझेल टेम्पो काळा धूर ओकत पार पुढच्या सिग्नलपर्यंत जायचा आणि वळून गेटात शिरायचा. आधी एकच धूर होता, आता दोन झाले. विजेच्या शेगड्या काही आल्या नाहीत. जुन्या स्वयंपाकघरात काचा बसल्या, कुंड्या आल्या आणि साहेबलोक तिथे डोळे मिटून ध्यान करू लागले. करा बाबांनो, डोळे मिटल्यावर कसला दिसतोय धूर!

मग समारंभ झाला. संजीवने मंचावरून जाहीर केलं, "आपल्या कँटीनचं उत्सर्जन शून्य!" टाळ्यांचा कडकडाट. कुंपणाच्या आतला धूर कंपनीचा आणि बाहेरचा परमेश्वराचा, असा हा हिशेब. बाईंच्या हातात एक रोप देऊन फोटो काढला. बाई हसल्यासुद्धा.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्याने भवानीच्या नवऱ्याला दारातून परत पाठवलं. कार्ड बंद. त्या सह्यांनी दहाही बायका शेडच्या कंत्राटदाराच्या झाल्या होत्या, आणि कंत्राटदार कार्डाचं नाव काढलं की "पाहू" म्हणायचा. कार्ड चालू राहिलं ते एकट्या रत्नप्रभाबाईंचं. बायकांना पटवल्याचं ते बक्षीस होतं, आणि ते त्यांना तेव्हा कळलं.

बाई तडक संजीवच्या खोलीत घुसल्या. "अरे, केसाने गळा कापलास की रे माझा! भवानीचा नवरा मरेल."

"काकू, बाहेरचं सगळं आता स्कोप थ्रीमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या खात्यात जातं," तो म्हणाला. "त्याचं पुढच्या टप्प्यात बघायचंय."

"तो माणूस कुठल्या टप्प्यात बसतो?"

संजीव इंग्रजीत काहीतरी बोलला. मराठी संपली होती त्याची.

"मेल्या, खाल्ल्या अन्नाला तरी जाग!" बाईंनी गळ्यातलं, दवाखान्यात चालणारं ते कार्ड उपसून त्याच्या टेबलावर आपटलं. "हे घे! आणखी एक माणूस कमी झालं तुझं. वाजव टाळ्या!"

मान ताठ करून त्या शेडमध्ये आल्या. आता मी तुमच्यातलीच, मीही कार्ड फेकून आले, म्हणाल्या. भवानीने हातातला झारा खाली ठेवला.

"अक्का," ती म्हणाली, "कार्ड टाकून तुम्ही तुमचं मन साफ केलंत. माझ्या नवऱ्याचं रक्त कोण साफ करणार? आमच्यासाठी आत भांडायला एक माणूस होतं, तेही बाहेर आलं."

बाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. उभ्या जन्मात असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. शरम वाटली. मग पदर खोचला, भवानीचं मनगट धरलं आणि तिला बरोबर घेऊन, भर उन्हात रस्ता ओलांडून, त्या आपलं कार्ड परत मागायला गेटाकडे निघाल्या.