दोन गिटारी आणि एक खोका

जयवंत घाडीच्या घरातलं भांडण कधी बाहेर ऐकू जात नसे. घाटकोपरच्या भटवाडीत, जिथे पलीकडच्या घरातली फोडणीसुद्धा आपल्या घरात तडतडते, तिथे शेजाऱ्यांना याचं फार कौतुक होतं. "तुमच्याकडे कसं शांत असतं हो," असं शेजारची प्रेमा दर दोन दिवसांनी म्हणायची. तिला कारण ठाऊक नव्हतं. जयवंतचे वडील, दशरथ, उभी हयात गिरणीच्या साचेखात्यात मागावर कापड विणत होते. साच्यांच्या खडखडाटात तिथली माणसं आवाज न काढता, तोंड मोठं उघडून नुसत्या ओठांनी बोलायची. कान हळूहळू गेले आणि ते बोलणं दशरथांनी घरी आणलं. जयवंतची आई रुक्मिणी नवऱ्याशी तसंच भांडायची. जीव तोडून, हातवारे करून, पण चिडीचूप. दशरथांना ऐकून घ्यायचं नसलं की ते मान वळवून खिडकीबाहेर बघत. भांडण तिथेच संपायचं.

संपात गिरणी बंद पडली. साचे थांबले, पण गेलेले कान काही परत आले नाहीत.

जयवंत दिवसा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात मोटरींचं वायंडिंग करायचा आणि संध्याकाळी चंद्रप्रकाशच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. बेसवाल्याचं नशीब विचित्र असतं. तो थांबला तर गाणं पांगळं होतं, आणि तो वाजवत असला तर तो आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. वाडीतली पोरं त्याला विचारायची, "तुझे हात हलतात रे, पण त्यातून येतं काय?" जयवंत हसून सोडून द्यायचा. एकाच माणसाच्या बाबतीत त्याला ते हसण्यावारी नेता येत नसे. दशरथ एकही प्रोग्राम चुकवत नसत. पहिल्या रांगेत बसत, मुलाच्या बोटांकडे बघत, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या की थोड्या उशिराने आपल्याही वाजवत. घरी येताना ओठांनी सांगत, बरा झाला. त्या उशिरा आलेल्या टाळ्या जयवंतला रात्रभर टोचत राहायच्या.

आजवर तो वाजवत होता ती गिटार भाड्याची होती. मालकाने ती परत मागितली, तेव्हा स्वतःची घेणं आलं. समोर दोन होत्या. एक कुर्ल्याच्या एका सुताराने बनवलेली, स्कूटरसारखी लालभडक, मान जराशी वाकलेली, तार दाबली की करकरणारी. दुसरी जपानी. वांद्र्याचा एक वादक आखातात निघाला होता, तो विकत होता. तिचा सूर इतका स्वच्छ होता, की जयवंतच्या मनात एक वेडी आशा उगवली. एवढा नितळ आवाज बाबांपर्यंत पोचेल, निदान त्याचं टोक तरी पोचेल. साठवलेलं सगळं त्या एका वाद्यात गेलं असतं. चंद्रप्रकाश म्हणाला, "पब्लिकला कळत नाही तू काय वाजवतोस. त्यांच्यासाठी जपानहून कशाला आणतोस, यार?" पब्लिकसाठी नव्हतंच ते. पण हे चंद्रप्रकाशला सांगायची त्याला लाज वाटली.

एका रविवारी सकाळी तो दोन्ही गिटारी एका दिवसापुरत्या मागून घेऊन कुर्ल्याच्या हॉलवर गेला. तिथे ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिस चालायची. बरोबर बाबांनाही नेलं. चंद्रप्रकाश तिथे आधीच चहा घेत उभा होता. खुर्च्या कुलपात होत्या. दशरथांनी रुमालाने स्पीकरचा खोका पुसला आणि त्यावरच बैठक मारली.

जयवंतने जपानी गिटार त्याच खोक्याला जोडली. बाबांना कळावी म्हणून वरच्या पट्टीत, ओळखीच्या चाली वाजवल्या. एकेक सूर धुतल्यासारखा निघत होता. दशरथ पंख्याकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी जांभई दिली, आणि मुलाचं लक्ष गेलं म्हणून ती अर्धीच गिळली. ती गिळलेली जांभई बघून जयवंतचा हात आपोआप खाली गेला. काही वाजवायचं म्हणून नव्हे, नुसताच, तो सगळ्यात जाड तारेवर पडला.

दशरथ मुंगी चावल्यासारखे उठले. खोक्याकडे वाकून बघितलं, वर तळहात ठेवला, पुन्हा बसले.

"परत," ते म्हणाले. ओठांनी नाही, तोंडाने. स्वतःच्या आवाजाचा अंदाज त्यांना उरला नव्हता, त्यामुळे अख्खा हॉल दणाणला. चंद्रप्रकाशचा चहा बशीत सांडला.

जयवंतने परत तीच तार छेडली.

"माका ऐकाक येता रे," दशरथ म्हणाले. "बाकीचा कायएक येना नाय. ह्या येता."

साच्यांनी त्यांच्या कानातलं वरचं सगळं कातरून नेलं होतं. तळाचं तेवढं शिल्लक राहिलं होतं, आणि ते आजवर त्यांच्या इतक्या जवळ कुणी वाजवून बघितलं नव्हतं. जयवंत मात्र इतकी वर्षं नेमकं तेच वाजवत होता, फक्त बाबांच्या पहिल्या रांगेपासून लांब, स्टेजवर.

मग त्याने लाल गिटार जोडली. ती नेहमीसारखी करकरली. चंद्रप्रकाशने तोंड वाकडं केलं. दशरथांचे डोळे मिटलेले, पायाचा अंगठा ठेका धरून हलत होता. जयवंत पुढे झाला, त्यांच्या खांद्याला हात लावून डोळे उघडायला लावले आणि ओठांनी विचारलं, खयची घेऊ?

"दोनय सारक्योच. दोनांतसूनय तूच येतंस." दशरथांनी बसल्याजागी थाप मारली. "ह्यो खोको मात्र बारको आसा."

जपानी गिटार जयवंतने दुपारपर्यंत हातातून सोडली नाही. ती खरंच गोड होती, आणि गोड गोष्ट परत करताना माणूस जरा रेंगाळतोच. मग ती वांद्र्याला पोचवून तो लाल गिटार घेऊन घरी आला. तिची मान सरळ करून घेतली, आतली कॉइल वर्कशॉपात स्वतःच्या हाताने नव्याने गुंडाळली. करकर बरीच कमी झाली. उरलेल्या पैशातून साकीनाक्यालाच कपाटाएवढा स्पीकरचा खोका बनवून घेतला.

त्या वर्षी गणपतीतल्या प्रोग्रामला स्टेजच्या कोपऱ्यात तो खोका होता आणि त्यावर इस्त्रीचा शर्ट घातलेले दशरथ. लोकांना वाटलं, ऑर्केस्ट्राचा मालक असणार. पहिल्या रांगेतून रुक्मिणी मोठ्ठं तोंड उघडून त्यांना खाली उतरायला सांगत होती, वर काय बसलात माकडासारखे, असं विचारत होती. दशरथांनी पद्धतशीर मान वळवली.

गाणं संपलं. बेसचा शेवटचा सूर खोक्यात विरला, आणि सगळ्यात आधी टाळी त्यांनी वाजवली. लोकांनी त्यांच्या मागून.