आईला घेऊन सोलापूरच्या महिला मेळाव्याला

या ब्लॉगवर तुम्ही किल्ल्यांच्या वाटा आणि ढाब्यांचे पत्ते शोधायला येता, हे मला ठाऊक आहे. या वेळी ना किल्ला आहे ना ट्रेक. कॅथलिक महिलांचा दोन दिवसांचा विभागीय मेळावा, ठिकाण सोलापूर, आणि सोबत चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई. घरातल्या वयस्क माणसाला कुठंतरी न्यायचंय पण धीर होत नाही, अशांनी जरूर वाचा. बाकीच्यांनी निदान जेवणाचा भाग वाचा.

खरं सांगायचं तर पुण्यात आम्ही दोघी चार महिने रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेलाही गेलो नव्हतो. आईला आता आठवत नाही. जुनं लख्ख आठवतं, सकाळचं निसटतं. एका रविवारी फादरांचं प्रवचन चालू असताना ती मध्येच उभी राहिली आणि मोठ्यानं विचारलं, "बस कितीची आहे?" पुढच्या बाकावरची मुलं फिदीफिदी हसली. तेव्हापासून कुणी चौकशी केली की मी सांगायचे, आईचे पाय दुखतात. आईचे पाय माझ्यापेक्षा धड आहेत.

मेळाव्याचा निरोप फोनवर आला तो नेमका तिनंच ऐकला. विषय होता 'श्रद्धा आणि सेवा'. "सोलापूर? माझी पहिली नोकरी तिथली. मी जाणार," म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. नाशिकहून भावाचा फोन आला. "तिला कशाला चारचौघींत नेतेस? हसं होईल तिचं." कुणाची हसायची हिंमत होते ते बघते, असं मी त्याला ठणकावलं. पण धास्ती मलाही तीच होती.

शनिवार, सकाळी सहा

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. पुणे ते सोलापूर साधारण अडीचशे किलोमीटर, रस्ता चौपदरी आणि सरळ. फास्टॅग भरलेला असू द्या आणि वयस्क माणूस बरोबर असेल तर दर दीड तासाला थांबा. भिगवणला मासळी खायचा मोह आम्ही आवरला, कारण सकाळी आठ वाजता मासळी फक्त मलाच चालते. उजनीचं पाणी रस्त्याजवळ आलेलं होतं. आई काच खाली करून बघत राहिली आणि तेवढा वेळ तिनं काहीच विचारलं नाही.

मोहोळला चहा घेतला. तोवर "आपण कुठं चाललोय?" चार वेळा झालं होतं. पहिल्या तीन वेळा मी नीट उत्तर दिलं, चौथ्यांदा खेकसले. आई बशीत चहा ओतून पिऊ लागली. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच आणखी एक भजीची प्लेट मागवली. भजी मात्र उत्तम होती.

बाहेरगावच्या बायकांची सोय स्थानिक घरांमध्ये केली होती. आमचा मुक्काम जुळे सोलापुरात रत्नम्मांकडे होता. साठीच्या, ठेंगण्या, मूळच्या तेलुगू विणकर घरातल्या. आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेल्यामुळे बोलणं अजून वरच्या पट्टीत. आता मुलाच्या फ्लॅटवर राहतात.

"या की ओ अक्का, या! प्रवास कसा झाला? आधी पाणी घ्या, मग नाव सांगा."

आईला कुणी अक्का म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आईची कळी खुलली. दहा मिनिटांत ती रत्नम्मांना आपल्या पहिल्या शाळेचं सांगत होती. पंधराव्या मिनिटाला तेच पुन्हा सांगितलं. रत्नम्मा दुसऱ्यांदाही तितक्याच रस घेऊन ऐकत होत्या आणि मी बॅग उघडण्याचं निमित्त करून तिथून सटकले.

मेळावा

चर्चशेजारच्या शाळेचा पत्र्याचा हॉल, दीडेकशे बायका. नोंदणी दोनशे रुपये, दोन दिवसांचं जेवण धरून, आणि जेवण असं की तेवढ्यासाठीही यावं. कडक भाकरी, शेंगांची भाजी, शेंगांची चटणी आणि गोडाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. सांगोल्याच्या बायकांनी डाळिंबं आणली होती. मराठी, तेलुगू, कानडी, दखनी सगळं एकाच पंगतीत चाललेलं. वाढणाऱ्या बाईनं आधी कानडीत विचारलं, मग मराठीत, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता वाढलं.

नोंदणीच्या टेबलावर संयोजक सिस्टरांनी विचारलं, "संध्याकाळच्या रोझरीला एक दशक मराठीत कोण सांगेल?" मी पेन शोधत होते. मान वर केली तर आईचा हात वर.

कॅथलिक नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. रोझरी म्हणजे माळेवर म्हणायची प्रार्थना. तिचे पाच भाग, प्रत्येकाला दशक म्हणतात. एक मोठा मणी, मग दहा लहान. पुढे म्हणणारी 'नमो मरिया'चा पहिला अर्धा भाग म्हणते, उरलेला सगळ्याजणी. दहा झाले की 'पित्याला गौरव', मग पाळी दुसरीची. आईनं आमच्या वस्तीत तीस वर्षं रोझरी सांगितली आहे. शाळामास्तरीण ती. एखाद्या मुलानं मणी खाल्ला की तिला बरोब्बर कळायचं. "नऊच झाले. परत." तिच्या धाकानं आम्ही भावंडं बोटांवरसुद्धा मोजायचो.

आणि आता तिला दहा मोजता येतील का, हे मला ठाऊक नव्हतं. दीडशे बायकांसमोर, माइकवर. आई हात धुवायला गेली तेवढ्यात मी सिस्टरांना गाठलं आणि हळूच म्हणाले, "आईचं नाव काढा. तिला झेपणार नाही."

"आईंशी बोललात?" त्यांनी विचारलं.

"बोलते," म्हणाले. बोलले नाही.

दुपारचं सत्र सेवेचं. मला वाटलं भाषण असेल, मी डुलकीच्या तयारीनं भिंतीचा आधार धरला. पण व्यासपीठावर गादी अंथरली गेली आणि सांगोल्याच्या सुशीलाताई पुढे आल्या. गावोगाव अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला, कूस बदलायला जाणाऱ्या बायकांचा गट त्यांनी बांधलाय. पदर खोचून त्या म्हणाल्या, "पेशंट पायजे. कोन येतंय? जरा वजनदार बगा." सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. गेले.

चौपदरी घडी केलेली सोलापुरी चादर पाठीखाली सरकवली की दोन बायका एका जड माणसाला सहज कुशीवर वळवू शकतात. हे मी खात्रीनं सांगते, कारण ते जड माणूस मीच होते. एका आजीनं तर मला वळवल्यावर पाठीवर थाप मारली, बैलाला मारतात तशी. हॉल हसून लोळत होता. मग सुशीलाताईंनी हात वर केला.

"थांबा. ह्या दोगींनी येक चूक केली. वळवायच्या आदी त्येंना सांगितलं न्हाय."

"पण ताई, त्यांना ऐकू तरी येतं का?" कुणीतरी विचारलं.

"येऊ द्या न्हाय तर न येऊ द्या. सांगायचं. 'आत्या, आता उजवीकडं वळवते बरं का.' न सांगता वळवलं की मानूस भ्येतंय. त्येचं अंग हाय की ओ ते, आपलं न्हाय."

मी तशीच कुशीवर पडून होते. समोर पहिल्या रांगेत आई बसलेली, हातात माळ, ओठ हलत होते. ती सराव करत होती. तिचं नाव यादीतून गेलंय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. लाज वाटली. अंगातून सरकन गेली अशी लाज.

चहाच्या वेळी मी पुन्हा सिस्टरांकडे गेले. "नाव राहू द्या," म्हणाले. त्यांनी यादी उघडून दाखवली. नाव खोडलेलंच नव्हतं.

संध्याकाळची रोझरी

पाच वाजता हॉल गच्च भरला. पहिलं दशक अक्कलकोटच्या बाईंनी कानडीत सांगितलं. दुसरं आईचं. तिसरं रत्नम्मांचं तेलुगूत, म्हणून त्या तिच्या शेजारीच उभ्या होत्या. शनिवारी दुसऱ्या दशकात मरियेनं डोंगरातल्या गावी जाऊन एलिझाबेथची सेवा केली, त्या प्रसंगाचं स्मरण करतात. आईनं ते न वाचता, न अडखळता सांगितलं. तिचा जुना आवाज! वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जाणारा.

तिच्या बोटांत माळ होती, पण बोटं सरकत नव्हती. मी माझ्या माळेवर मोजत होते. आठ, नऊ, दहा. माझं बोट मोठ्या मण्याला लागलं आणि आईनं अकरावी 'नमो मरिया' सुरू केली.

मी उठायला लागले. शेजारी सुशीलाताई होत्या, त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. "बसा की. म्हनू द्या त्येंना."

अकराव्याला हॉल उत्तरला. बाराव्याला उत्तरला. तेराव्याला कुठंतरी कुजबुज होईल म्हणून मी अंग चोरून बसले, पण दीडशे आवाज आले ते पहिल्यासारखेच, एकही कमी नाही. ज्यांना दहा म्हणजे दहा हे लहानपणापासून पाठ आहे, त्या सगळ्याजणी. रत्नम्मांनी माइककडे हातसुद्धा नेला नाही. पंधराव्याला माझी मोजणी सुटली आणि मीही नुसती उत्तर देऊ लागले. किती महिन्यांनी मी आईबरोबर प्रार्थना म्हणत होते! एरवी तिच्यावर नुसता पहारा ठेवत होते.

मग आई थांबली. माळेकडे बघितलं, समोर बघितलं आणि माइकवरच विचारलं, "झाले का गं?"

"झाले ओ अक्का," रत्नम्मा त्यांच्या वरच्या पट्टीत म्हणाल्या, "भरपूर झाले!"

हॉल हसला. मी ज्याला घाबरत होते ते हसू आलंच, पण त्यात आईही हसत होती. मग तिनंच 'पित्याला गौरव' सुरू केलं आणि माइक रत्नम्मांच्या हातात दिला.

रविवार

सकाळी मिस्सा, मग निरोप. रत्नम्मांनी शेंगापोळ्या बांधून दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "आमच्या सासूचंही असंच होतं. लई जपलो आम्ही, घरातच ठेवलो. मग बोलायचंच बंद झाल्या ओ." एवढंच म्हणाल्या आणि डोळे टिपून पोळ्यांवर आणखी एक कागद गुंडाळला.

टेंभुर्णी मागे पडल्यावर आई म्हणाली, "काल माझे जास्त झाले ना?"

तिला हे आठवेल असं मला वाटलं नव्हतं. "झाले थोडे."

"किती?"

"मी मोजायचं सोडून दिलं."

"मग थांबवायचं नाहीस का? बायकांना उशीर झाला असेल." मग शेतांकडे बघत म्हणाली, "मला कळतं गं, माझं निसटतंय. तू रविवारी नेत नाहीस तेही कळतं. पाय दुखतात म्हणून सांगतेस."

मी गाडी कडेला घेतली. माफी मागताना स्टीअरिंग धरता येत नाही, निदान मला तरी नाही. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं, मी शाळेत जायचे तेव्हा पुसायची तसंच जोरात, आणि म्हणाली, "चल आता. आपण कुठं चाललोय?"

"घरी," मी म्हणाले. मग इंदापूरपर्यंत आणखी तीनदा म्हणाले.

घरी

तुम्हाला खर्चाचा अंदाज, रस्त्याची माहिती हवी असते, ती वर आली आहे. काय उरलं म्हणाल, तर शेंगापोळ्या तीन दिवसांत संपल्या. आईला आता रत्नम्मांचं नाव आठवत नाही, पण "ती मोठ्यानं बोलणारी" म्हटलं की हसते. भावाला मी सगळं सांगितलं. तो दिवाळीत येतो म्हणाला.

काल आमच्या वस्तीच्या गटप्रमुख बाईंचा फोन आला. ऑक्टोबरात रोज एका घरी रोझरी असते, त्याची यादी करत होत्या. गेल्या वर्षी मी घराला रंग लावायचाय म्हणून टाळलं होतं. "थांबा हं," म्हटलं आणि फोन हातात धरूनच आईच्या खोलीत गेले.

"आई, आपल्याकडे रोझरी ठेवायची का? तू सांगशील?"

आईनं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "मला विचारतेस?"

"हो. तुलाच विचारतेय."

"ठेव की," म्हणाली.

फोनवर मी नाव दिलं. बाईंनी लिहून घेतलं आणि विचारलं, "साडेसातला सुरू केली तर आठपर्यंत होईल ना?"

"आई सांगणार आहे," मी म्हणाले. "जेवूनच या."