दक्षिण ध्रुवाकडचा दहावा

होडी किनाऱ्याला टेकायला थोडंच अंतर उरलं होतं, तेव्हा शेजारी बसलेल्या डच बाई मला म्हणाल्या, "ऑफिसर, तुमच्या माणसाच्या खिशातून वाफ येते आहे."

मी वळून पाहिलं. आमचा होडीवाला जाधव मागे इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून बसला होता. नजर समोर, चेहरा दगडासारखा. त्याच्या जाड कोटाच्या उजव्या खिशातून खरोखरच वाफ येत होती. त्या थंडीत गरम वस्तू लपवणं अवघडच. मी पुढे वाकून वास घेतला. भात होता.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी मूळचा वाईचा. मर्चंट नेव्हीत होतो आणि त्या काळात एका परदेशी कंपनीच्या लहानशा जहाजावर सेकंड ऑफिसर म्हणून काम करत होतो. हे जहाज माल नेत नसे. हौशी माणसांना अंटार्क्टिका दाखवायला नेई. गावाकडे हे सांगितलं की लोक विचारत, "तिथं देऊळ आहे का?" नाही म्हटलं, की मग पैसे खर्चून माणसं तिथे का जातात, हे त्यांना पटवता पटवता माझी रजा संपून जाई.

त्या किनाऱ्यावर धक्का नसतो. जहाज लांब उभं राहतं आणि प्रवाशांना रबरी होड्यांतून नेऊन उतरवतात. याला आम्ही लँडिंग म्हणायचो. लँडिंगची जबाबदारी माझी होती. नियम साधे होते, पण कॅप्टन त्यात केसाइतकीही सूट देत नसे. पेंग्विनच्या वाटेत उभं राहायचं नाही. शेवाळावर पाय द्यायचा नाही, कारण बोटभर वाढायला त्याला माणसाचं आयुष्य लागतं. दगड, पीस काही उचलायचं नाही. आणि अन्नाचा कणही किनाऱ्यावर न्यायचा नाही. त्या थंडीत काही कुजत नाही. एका वर्षी टाकलेली संत्र्याची साल पुढच्या वर्षी तिथेच भेटते.

आदल्याच दिवशी या डच बाईंनी एका पक्ष्याला बिस्किट टाकलं होतं. वयस्कर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. मी त्यांना सगळ्यांसमोर बोललो होतो. आता त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. ते जास्त टोचलं.

मी दुसऱ्या खलाशाला सांगून प्रवाशांना उतरवलं आणि जाधवला होडीतच बसवून ठेवलं. माणसं चढावर गेल्यावर मराठीत विचारलं, "जाधव, हे काय?"

"भात हाय, सायेब."

"ते कळलं. कशाला?"

तेव्हा कुठे मी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याने मिशी काढली होती. जाधव कुंडलचा. लष्करात इंजिनिअर्सच्या पलटणीत होड्या चालवायला शिकला, तिथून सुटल्यावर समुद्रावर आला. मिशी हा त्याचा जीव की प्राण. काय झालं असेल ते मी ओळखलं.

"वडील?"

"व्हय. मागल्या बंदरात भावाचं पत्र आलं. आबा गेलं. सारं उरकलं बी तिकडं."

"मला सांगायचं नाहीस का?"

"सांगून काय, तुमी बोट माघारी वळवणार हुता?"

  मग तोच सांगू लागला. दहाव्याला कृष्णेकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. आपल्याकडे याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय. मग घरची माणसं एकेक वचन देतात. भाऊ म्हणाला, धाकटीचं लग्न करून देतो. चुलते म्हणाले, विहिरीचं काम पुरं करतो. आई म्हणाली, मी कुणावर रुसणार नाही. कावळे झाडावर बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं घरी गेली.

"आबांचा जीव माझ्यात गुतलाय, सायेब," जाधव म्हणाला. "मिलिट्रीत गेलो तवा काय बोललं न्हाईत. पर समिंदराचं नाव काढलं आन बोलणं टाकलं. ल्योक बुडून मरणार, आसंच त्यांच्या डोस्क्यात. आता माझ्या हातचा पिंड हितल्या पाखरानं शिवला, की मी मोकळा आन त्ये बी मोकळं."

आमच्या भोवती स्कुआ पक्षी घिरट्या घालत होते. मोठा, तपकिरी, वाकड्या चोचीचा पक्षी. कावळ्याचा दांडगा चुलतभाऊ म्हणावा असाच. भात ठेवायचा अवकाश, एका क्षणात संपवला असता.

"जाधव, नाही चालणार."

"तुमी वाईचं. घाटावर वाढला. तुमाला म्या सांगाय पायजे?"

"म्हणूनच मला जड जातंय."

"मूठभर भातानं काय हुतंय?"

"काल त्या बाईही हेच म्हणाल्या, एका बिस्किटाने काय होतंय." मग मी त्याला कारण सांगितलं. स्कुआ पेंग्विनची अंडी आणि पिल्लं खातो. तो त्याचा धर्म आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माणसांजवळ फुकटचं मिळतं हे एकदा त्याला कळलं, की लँडिंगच्या जागी दहाच्या जागी शंभर जमतील. आपण निघून जाऊ. ते मात्र तिथेच राहतील आणि शेजारची पिल्लं त्यांच्या तोंडी पडतील.

जाधव चढाकडे बघू लागला. तेवढ्यात एक स्कुआ आला आणि होडीच्या फुगीर कडेवर, जाधवपासून हातभर अंतरावर बसला. मान तिरकी करून त्याच्याकडे बघू लागला. जाधवने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. गाठ सुटलेली होती. त्याने फक्त हात पुढे करायचा होता. मी त्याचा हात धरला नाही. अशा वेळी बापाच्या आड कोण येणार?

"सायेब, ह्यो आपल्या पायानं आलाय," तो म्हणाला.  "आन मी ह्याला हाकलायचं."

मग त्याने रुमालाला घट्ट गाठ मारली आणि पुरचुंडी परत खिशात घातली. "उसात डुकराची वाट एकदा पडली की मिटत न्हाई. आमाला ठावं हाय." असं म्हणून त्याने टोपीने पक्ष्याला हुसकावलं आणि तोंड फिरवून रडला.  माझे वडील गेले तेव्हा मीसुद्धा समुद्रावरच होतो.

जहाजावर परतल्यावर कॅप्टनसमोर गेलो. कॅप्टन नॉर्वेचा, कोळ्याच्या घरातला. कमी बोलणारा.

"तुझ्या माणसाने अन्न नेलं म्हणे."

"नेलं. होडीतून खाली उतरवलं नाही."

"का नेलं?"

मी सगळं सांगितलं. वचनं, कावळा, कृष्णाकाठ. हे इंग्रजीत सांगताना आपण काय बोलतोय असं माझं मलाच वाटत होतं. कॅप्टन मात्र हसला नाही. त्याच्या गावी चर्चच्या आवारात समुद्रात गेलेल्यांच्या नावांचा दगड होता. लोक त्या दगडाशी बोलतात, असं त्याने सांगितलं.

"पक्षी खराच लागतो?"

"नसला तर गवताचा चालतो."

"आपल्याकडे गवत नाही. दोर आहे. मला सुद्धा बोलाव."

बोसनकडून, म्हणजे खलाशांच्या मुकादमाकडून, मी जुना मनिला दोर आणला. खलाशाला गाठी येतात, पण कावळा काही अभ्यासक्रमात नव्हता. झालं ते कावळा कमी आणि कोंबडी जास्त असं झालं. मी ओशाळून ते जाधवला दाखवलं.

"चालतंय की," तो म्हणाला. "आबास्नी बी नीट दिसत नव्हतं."

दुपारी मागच्या डेकवर जमलो. जाधव अंघोळ करून आला होता. स्टीलच्या ताटलीत भाताचा पिंड. दक्षिणेला तोंड करायचं, कारण ती पितरांची दिशा. आम्ही होतो तिथून पुढे दक्षिण फारशी उरलीच नव्हती. कॅप्टन टोपी काढून उभा. जरा मागे त्या डच बाई. आणि भाताच्या वासाने स्कुआ वर गोळा झालेले. दोन खलाशी ताडपत्री धरून त्यांना हाकलत होते. वाईच्या घाटावर कावळ्याची वाट बघत तासन्‌तास बसलेली माणसं मी लहानपणापासून पाहिली. पाखरांना हाकलत पिंड ठेवणारे आम्ही पहिलेच असू.

जाधवने हात जोडले. "आबा, लगीन, हीर, सारं भाऊ बघंल. मी दुसरं काय सांगू? मी बुडलो न्हाई. मी सुखात हाय. माझा घोर सोडा आता."

घरच्या कुणालाच हे वचन देता आलं नसतं. मी दोराचा कावळा पुढे नेला आणि पिंडाला टेकवला.  पिंड ताटलीसकट शीतगृहात ठेवला आणि परतीच्या वाटेवर खुल्या समुद्रात, जिथे नियमाला हरकत नव्हती, तिथे जाधवने तो सोडला.

संध्याकाळी डच बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "त्या स्कुआंचं आणि पिल्लांचं तुम्ही मला काल सांगितलं असतंत, तर मला राग आला नसता. तुम्ही मला फक्त नियम सांगितलात." होडीतलं आमचं बोलणं जाधवने मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना सांगितलं होतं. त्या दिवसापासून लँडिंगआधीच्या ब्रीफिंगमध्ये मी प्रत्येक नियमाबरोबर त्याचं कारण सांगू लागलो. बिस्किटं बंद झाली.

हंगाम संपल्यावर रजेत मी जाधवबरोबर कुंडलला गेलो. त्याची आई ओसरीवर बसली होती. नमस्कार झाला, चहा झाला. मग म्हातारीने हळूच विचारलं, "शिवला का रं?"

"शिवला."

"कावळाच हुता?"

"दोराचा."

"आसूदे. हितं बी गवताचाच हुता. आन काय बोललास त्यास्नी?"

"सुखात हाय म्हणलं."

म्हातारीने त्याला निरखून पाहिलं. मग म्हणाली, "हात दाव." त्याने हात पुढे केले. खाऱ्या पाण्याने आणि थंडीने बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या, काहींतून अजून रक्त दिसत होतं. हंगामभर रोज त्या हातांनी आमच्या प्रवाशांना धरून उतरवलं होतं. "बापासंगं खोटं बोललास व्हय," एवढंच ती म्हणाली आणि लोण्याचा गोळा घेऊन त्याचे हात चोळत बसली.

शेवाळावर कुणाचा पाय पडू नये म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून उभे असायचो. रजा संपवून जहाजावर गेल्यावर मी पहिलं काम केलं ते होडीवाल्यांसाठी आतून लोकर लावलेले हातमोजे मागवण्याचं. प्रवाशांना ते पहिल्यापासून मिळत होते.