साडेसातचं पार्सल

माह्या किराणा दुकानाच्या वरच्या माळ्यावर कौशल्याबाई राहाते. मूळची पवनारची. सारी उमर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला, नवरा गेल्यावर एकुलत्या पोराले शिकवलं. तवा अंगावर नावाले मांस नव्हतं. लग्नात सासूनं नाक मुरडलंतं म्हणे, अशी हाडकुळी पोरगी काऊन आणली म्हणून. आमच्याकडे अंगानं भरलेली बाई म्हणजे खात्यापित्या घरची.

पोरगा रजत इंजिनिअर झाला, जर्मनीले गेला. वर्ध्याले लागून पिपरी मेघेत आईसाठी ही जागा घेतली अन् एकच अट घातली, का आता कामाले जायचं नाई, लोकं मले नावं ठेवते. झालं! जी बाई पवनारहून वर्ध्याले पायी येत होती, ती पलंगावरून गॅलरीत अन् गॅलरीतून पलंगावर.

रोज संध्याकाळी साडेसातले पार्सलवाला पोरगा गाडीवर येत जाय. रजत तिकडून मोबाइलवर मागवे. पनीर, नान, बिर्याणी, वरून गुलाबजाम. पार्सल पोचल्याचं त्याले तिथं दिसे, का लगेच त्याचा फोन. पोचलं का आई, गरम गरम खाऊन घेजो. दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांसाठी बाई पाच वाजताच साडी बदलून बसे.

तीन वर्षांत ब्याण्णव किलो झाली. विहारात वंदनेले खाली बसली तर उठवाले चार बाया लागल्या. कोणी हसलं नाई, पण तिले लागलं. मंग मागे भिंतीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर एकटीच बसे. पुढे जाणंच सोडलं.

मार्चमधी तपासणी शिबिर होतं, मीच तिले ओढत नेलं. डॉक्टरीणबाईनं आधी भाषण ठोकलं. गरीब देशात पैसेवाला जाडा असते म्हणे. देशाकडे पैसा आला का उलटं होते, पैसेवाला धावते अन् पाला खाते, अन् तळलेलं-गोड सारं गरिबाच्या पोटात जाते. आपला देश मधातच लटकला आहे म्हणे, दोन्ही जातीचे जाडे आपल्याकडे. कौशल्याबाईनं हात वर केला.

"मंग मॅडम, मी गरीब का श्रीमंत?"

सारा हॉल हसला. मीही हसली, खोटं कायले बोलू. तिनं खरंच विचारलं होतं.

शुगर तीनशेच्या वर निघाली. बाहेरचं खाणं बंद करा, नाईतर पाय कापा लागन, असं डॉक्टरीण म्हणे. पण बाई पोराले काही सांगेना. महिनाभर मी तिचं डोकं खाल्लं. शेवटी मले तिडीक आली. म्हणलं, जीव प्यारा आहे का नान? तवा कुठं तिनं तोंड उघडलं.

"शोभाताई, पार्सल बंद झालं तर तो फोन कायले करन?"

काहीतरीच बाप्पा, म्हणलं मी. पोटचा पोरगा आहे तुमचा. अन् साडेसातले फोन वाजला तसा मीच हिसकला अन् सारं सांगून टाकलं. रजत लय घाबरला. उद्यापासूनच बंद करतो काकू, म्हणे. शब्दाचा पक्का निघाला.

पहिला आठवडा रोज फोन आला. मंग रविवारी. आता दोन-दोन रविवार कोरडे जातात. पोरगा वाईट नाई, त्याले फक्त निमित्त पाह्यजे होतं, अन् ते मी हिसकून घेतलं. इकडे बाई अकरा किलो उतरली, शुगर ताब्यात आली, डॉक्टरीण दुसऱ्या बायांना तिचं उदाहरण देते. शहाणी तर मीच ठरली!

काल संध्याकाळी मी भाकर अन् दोडक्याची भाजी घेऊन वर गेली. बाई इस्त्रीची साडी नेसून गॅलरीत, मोबाइल मांडीवर. खाली गाडी थांबली. ती कशाचा आधार न घेता चटकन उठली अन् कठड्यावरून वाकली. पार्सल बाजूच्या घरचं होतं. ती येऊन बसली.

"पाय आता दुखत नाई," मले म्हणे.

मी ताट तिच्यापुढं सरकवलं अन् तोंडातून निघून गेलं, "गरम गरम खाऊन घ्या."

तशी ती रडाले लागली. मी ताट तसंच ठेवलं अन् तिच्याजवळ बसली.