भाऊजींनी लावलेलं झाकण

माझ्या भाऊजींनी बंद केलेलं झाकण आजवर पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कुणालाही उघडता आलेलं नाही. लोणच्याची बरणी असो, पाण्याची बाटली असो की अंगणातला नळ. त्यांचा हात एकदा फिरला की ती वस्तू त्यांच्या मालकीची झाली. भाऊजी घरी नसताना माझ्या मोठ्या बहिणीकडे पाहुणे आले, तर त्यांना बिनसाखरेचा चहा मिळतो. साखर असते, डबा उघडत नाही. शेजारी पोलीसभरतीची तयारी करणारा एक धिप्पाड मुलगा राहतो. तो एकदा मदतीला आला, डबा मांडीत धरून लालबुंद होईपर्यंत झटला आणि "काकू, याले खालून कापा," असा सल्ला देऊन गेला. भाऊजींना याबद्दल विचारलं, तर ते शांतपणे म्हणतात, "झाकण लावाचं तं लावाचं. अर्धवट काम मले जमत नाई."

नात्यानं ते माझे भाटवे. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवा म्हणतात आणि तोंडावर भाऊजी. बायकोची बहीण म्हणून ते मला साळीबाई म्हणतात. आम्ही दोघी बहिणी वर्ध्याला लागून नालवाडीत राहतो. माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, गाद्या, खुर्च्या, स्वयंपाकाचे गंज म्हणजे मोठी पातेली, स्टेज, सगळं भाड्यानं मिळतं. मिस्टरही या धंद्यात आहेत. ते माईक टेस्टिंग करतात. बाकीचं मी बघते. बिछायतीत यादीशिवाय चालत नाही. एका लग्नात झारे हरवतात आणि पुढच्या लग्नात अब्रू जाते. त्यामुळे कुठलीही गोष्ट क्रमवार मांडायची मला सवय लागली आहे. भाऊजींच्या बाबतीत तो क्रम अगदी सोपा आहे: पहिला ट्रक, मग झाकणं, मग ताई, मग उरलेलं जग.

हा ट्रक जुन्या घडणीचा, पुढे नाक काढलेला. हल्लीचे ट्रक भिंतीवर आपटल्यासारखे चपटे असतात. याला अजून नाकडोळे असलेला चेहरा आहे. माझा सगळा माल याच ट्रकनं जातो. तो बंद पडला असं भाऊजी कधीच म्हणत नाहीत. "आज तिची तब्येत नरम हाय," असं म्हणतात. कुठल्याही लग्नात ते मंडपात सापडायचे नाहीत. बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांजवळ कान लावून फिरत असतात. एकदा वरात दारात आली, नवरीची आई औक्षणासाठी ताटकळली, आणि भाऊजी नवरीच्या बापाचा हात धरून सांगत होते, "पोरगा चांगला हाय बावा, पण त्याच्या गाडीचं बेरिंग गेलं. फेरे झाले की पाहून घ्या." ताईला खोकला झाला तेव्हा डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली, तसे हे खुर्चीतून उठून उभे राहिले. वाटलं, बायकोची काळजी. तर म्हणतात, "डाक्टरसाहेब, हे नळी एका दिवसासाठी मले देता का? इंजनात एक बारीक आवाज येऊन राह्यला." घरी येईपर्यंत ताईचा खोकला रागानंच थांबला होता.

ट्रकवरून घरात झालेल्या भांडणाचं कारण मात्र आवाज नव्हता, तेल होतं. इंजनाच्या पोटात साठलेली वाफ बाहेर टाकायला एक नळी असते. मिस्त्री लोक तिला ब्रिदर म्हणतात. इंजन तरुण असतं तेव्हा या नळीतून नुसती वाफ येते. वय झालं की वाफेबरोबर तेल येतं, जसं म्हातारपणी बोलताना थुंकी उडते. भाऊजींचा ट्रक हल्ली फार बोलायला लागला होता. अंगणात उभा राहिला की खाली काळं डबकं. ताई रोज सकाळी सडा टाकायची आणि ट्रक त्यावर आपली रांगोळी काढायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपैकी एकीच्या नव्या पैठणीला त्यातलं बोटभर तेल लागलं, तेव्हाच ताई धुसफुसली होती. पण खरा स्फोट झाला तो माझ्या पडद्यांमुळे.

स्टेजसाठी मी पांढरेशुभ्र पडदे नवीन शिवून आणले होते. मागे मालात चुरगळतील म्हणून भाऊजींनी स्वतःहून ते केबिनमध्ये, स्वतःच्या शेजारी, सीटबेल्ट लावून बसवले. गिअरच्या भोकातून तेलाची वाफ वर येत राहिली. लग्नघरी मी पडदे उघडले, तर त्यावर काळ्या ठिपक्यांचा चित्ता. मी भाऊजींना सांगितलं, की पुढच्या सीझनला मी दुसरी गाडी बघते. ताई माझ्याही पुढे गेली. "पुढच्या संक्रांतीले अंगणात तेलाचा एक ठिपका दिसला ना, तं गाडी भंगारात! मी स्वतः भंगारवाल्याले बलावतो." (आमच्याकडे बायकाही रागात 'बलावतो' म्हणतात.) ताई बोलून थांबणारी नाही. ती एका भंगारवाल्याला खरंच घेऊन आली. त्यानं ट्रकच्या नाकावर दगडानं ठोकून पाहिलं, टरबूज घेताना ठोकतात तसं. भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मी गेले तेव्हा ते ठोकलेल्या जागेवर फडकं फिरवत होते.

मग सुरू झाली तेल पकडायची मोहीम. कल्पना त्यांना कुठल्याशा मोबाइलवरच्या व्हिडिओतून मिळाली. ब्रिदरची नळी एका डब्यात सोडायची, डब्यात वाफ थंड होते, तेल खाली बसतं, नुसती हवा पुढे जाते. विकतचा डबा मिळतो, पण विकतची वस्तू भाऊजींना अपमानासारखी वाटते. पहिला डबा त्यांनी तुपाच्या प्लॅस्टिकच्या बरणीचा केला. इंजनाच्या उष्णतेनं ती बरणी वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीच्या फुग्यासारखी लोंबायला लागली. दुसरा डबा गोडेतेलाच्या पत्र्याच्या पिंपाचा. तो इतका वाजायचा, की ट्रक गल्लीत शिरला की लोक वरात पाहायला बाहेर येत. मधल्या काळात ताईच्या स्वयंपाकघरातून एकेक वस्तू नाहीशी होऊ लागली. गाळणी गेली. भांडी घासायच्या तारेच्या दोन नव्या घासण्या गेल्या. वाफेतलं तेल अडवायला डब्यात काहीतरी जाळीदार लागतं म्हणे. आणि एक दिवस तिखटाची बरणी गेली.

ही बरणी म्हणजे जाड स्टीलची, फिरकीच्या झाकणाची. ताईच्या लग्नात आमच्या मामांनी दिलेली आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिच्यावर ताईचं माहेरचं नाव कोरलेलं. भाऊजींनी तिखट एका परातीत ओतलं, बरणी फडक्यानं पुसली आणि बाजूला भोक पाडून तिथे डाक लावून नळी बसवून घेतली. डाक लावणारा मिस्त्री म्हणाला, "काय भाऊ, वहिनीचं नाव इंजनात?" भाऊजी म्हणाले, "मंग! तिच्याशिवाय चालते का कोणाचं?" हे वाक्य मिस्त्रीनं गावभर केलं, म्हणून ताई बरणीवरून फारशी भांडली नाही. "मले तोंडावर तं कधी म्हटलं नाई असं," एवढंच पुटपुटली आणि तिखट प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं.

बरणी इंजनाजवळ बसली. आत घासण्या, वर झाकण. आणि झाकण कुणी लावलं हे सांगायला नकोच.

दुसऱ्याच दिवशी रोहण्याला एका नातेवाइकाकडे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. मंडप माझा, माल ट्रकमध्ये, आणि केबिनमध्ये आम्ही तिघं. भाऊजी स्टिअरिंगवर, मधे ठेवणीतलं पातळ नेसलेली ताई, कडेला मी. अर्धा रस्ता मागे पडेपर्यंत भाऊजी खुशीत गात होते. थांबून खाली वाकून बघत होते, "एक थेंब नाई! पाहा साळीबाई, एक थेंब नाई!" मग एका कपाशीच्या वावराजवळ इंजनातून 'फट्' असा आवाज आला. नाकाच्या फटीतून काळं कारंजं उडालं आणि समोरची काच रंगली. भाऊजींनी गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडून बघतात, तर तेल मापायची लोखंडी पट्टी आपल्या भोकातून बाहेर उडून तारेसारखी लटकत होती आणि त्या भोकातून इंजन तेल ओकत होतं.

"असं कसं झालं?" भाऊजी सारखे म्हणत होते. "बरणी तं पक्की हाय."

ताई पातळ सावरत उतरली. नाकाला पदर लावून तिनं आत पाहिलं. "नळी आत आली?"

"हो."

"अन् वाफ बाहेर कुठून जाते?"

"जातच नाई," भाऊजी अभिमानानं म्हणाले. "चारी बाजूनं बंद. म्हणून तं पक्की म्हणून राह्यलो."

"अवो, भातावर झाकण असं दाबून बसवलं तं काय होते?"

"उतू जाते."

व्हिडिओतलं 'हवा पुढे जाते' हे वाक्य भाऊजींनी नीट ऐकलं होतं. पण झाकण घट्ट लावण्याच्या आनंदात हवेला पुढे जायला दुसरं भोकच ठेवलं नव्हतं. शेवटी ते खाली मान घालून पुढे झाले. हाताला फडकं गुंडाळलं आणि फक्त त्यांनाच जमणारं काम केलं. झाकण उघडलं.

आता, बरणी फडक्यानं पुसली होती, धुतली नव्हती, हे मी वर सांगितलंच आहे. इतक्या वर्षांचं तिखट तिच्या कानाकोपऱ्यात आणि झाकणाच्या आट्यांत बसलेलं. ते गरम वाफेबरोबर जे बाहेर आलं, त्याचं वर्णन करायला मी तेव्हा डोळे उघडे ठेवू शकले नाही. आम्ही तिघंही रस्त्याच्या कडेला कंबरेत वाकून शिंकत होतो. कपाशी वेचणाऱ्या बाया वावरातून धावत आल्या. "काय झालं वो? कोणी गेलं काय?" ताई शिंकत, रडत, हसत म्हणाली, "कोणी नाई वो माय! यायच्या इंजनाले फोडणी देली!" साक्षगंधाला आम्ही उशिरा पोचलो. आमचे लाल डोळे पाहून मुलीची आई इतकी हेलावली, की 'एवढी माया लावणारी माणसं' म्हणून तिनं ताईला गळ्याशी धरलं.

त्यानंतर बरणीला दुसरं भोक पडलं, त्यातून हवेची नळी निघाली, आणि खरंच, तेल गळायचं थांबलं. पुढच्या संक्रांतीला ताईचं अंगण कोरडं होतं. भाऊजींनी ट्रक मुद्दाम अंगणाच्या मधोमध उभा केला, बॉनेट उघडं ठेवलं. बायकांना ओळीनं हळदीकुंकू, तिळगूळ आणि बरणीचं दर्शन, असा कार्यक्रम झाला. ज्या बाईच्या पैठणीला डाग पडला होता, तिला भाऊजींनी खाली बसून जमिनीवर बोट फिरवायला लावलं. तेव्हापासून रोज सकाळी बरणी रिकामी करायची, किती तेल जमलं ते वाटीत बघायचं, आणि कुणी विचारो न विचारो, सांगायचं. "आज पाव वाटी." गवळी दुधाबद्दल बोलतो त्या सुरात. ते तेल ते माझ्याकडे आणून देत. मंडपाच्या बल्ल्यांच्या, म्हणजे लाकडी खांबांच्या, बुडाला जळकं तेल चोपडलं की वाळवी लागत नाही.

पण पाव वाटीची अर्धी झाली, अर्धीची पाऊण. मिस्त्री माझ्याच दुकानात बसून म्हणाला, "बाई, बरणी काही औषध नाई. पिकदाणी हाय. इंजन आतून झिजून राह्यलं, ते कसं थांबन?" हे भाऊजींना कोण सांगणार? त्यांनाही ते कळत असावं, कारण त्यांनी वाटीचा आकडा जाहीर करणं हळूहळू बंद केलं. सकाळी बॉनेट उघडायचे, वाटी बघायचे आणि नुसतेच उभे राहायचे. मग मध्येच चमत्कार झाला. आकडा खाली आला. पुन्हा पाव वाटी! भाऊजी दुकानात येऊन म्हणाले, "साळीबाई, इंजन सुधरून राह्यलं."

इंजनं सुधरत नसतात. माझ्या बल्ल्यांनाही ते पटलं नाही, कारण तेल तर पहिल्यापेक्षा जास्त येत होतं. भाऊजी दुपारी पाव वाटी आणत आणि ताई सकाळीच, "हे घे, बल्ल्यांले होईन," म्हणत एक जुना गंज ठेवून जाई. पहिल्यांदा मी विचारलं, "हे कुठलं गं?" ती म्हणाली, "असंच पडलं होतं." घरात जळकं तेल असंच कुठे पडतं? एके पहाटे मी माल भरायला लवकर गेले. ताई सडा टाकायच्या आधी ट्रकजवळ उभी होती. बॉनेट वर, पदर खोचलेला. तिनं बरणी गंजात उपडी केली, तळाशी थोडंसं राहू दिलं आणि झाकण परत फिरवून ठेवलं. मला पाहून ओठावर बोट ठेवलं. "बोलजो नको," म्हणाली. "थोडंसं कमी दिसलं की दिवसभर बरं असते त्यायले." भंगारवाल्याला घेऊन आलेली ती हीच बाई.

मी बोलले नाही. पण माझं डोकं यादीचं. एक वस्तू जुळली नाही की झोप येत नाही. न जुळणारी वस्तू ही होती, की ते झाकण ताईच्या हातानं उघडलंच कसं? त्या घरात साखरेचा डबा अजून उघडत नाही. परवा ताई लोणच्याची बरणी घेऊन माझ्याकडे आली आणि आम्ही दोघींनी मिळून पान्हा लावला.

उत्तर मला एका संध्याकाळी मिळालं. माल उतरवून झाला होता. भाऊजींनी ट्रक अंगणात लावला, नाकावरून फडकं फिरवलं, बॉनेट उघडलं. मी मागे खुर्च्या मोजत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी ताईच्या नावाच्या त्या बरणीवर हात ठेवला आणि झाकण एक आटा उलटं फिरवलं. बोटांनी हलवून पाहिलं. सहज हलतं आहे ना, याची खात्री केली. मग बॉनेट अलगद लावून घरात जात ताईला म्हणाले, "झोपतो बावा लवकर. सकाळी लवकर उठणं होत नाई आजकाल."