बांधावरची तार

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवून कितीदा तरी जेवायला बसलो, आणि पाऊस-पाण्याचं बोलून उठलो.

चोपड्याकडं आमची केळी आहे. रानडुकरं घड पाडायची, म्हणून मी बांधावर उघडी तार ओढून तिच्यात करंट सोडायचो. गुन्हा आहे — माहीत होतं. सकाळी बटण बंद करायचं, एवढंच लक्षात ठेवायचं होतं. त्या दिवशी विसरलो.

शेजारच्या नानांची म्हैस त्या तारेला लागली. मी धावत येईपर्यंत ती आडवी पडलेली, पाय ताठ. आधी काय केलं मी? बटण बंद केलं, तार गुंडाळली, केळीच्या वाळल्या पानांखाली दडवली. मग ओरडलो — नाना, पळा, म्हशीला पान लागलं, साप चावला!

म्हैस चारायला नानांची मुलगी सुनंदा आली होती. नवरा गेल्यावर माहेरी आलेली. त्या म्हशीच्या दुधावरच घरात तिला मान होता. ती चार पावलं मागं होती. पुढं असती तर? — हा विचार मी आजही पुरता करत नाही.

म्हैस पडताच ती नानांना आणायला पळाली होती; परत येऊन बांधाकडं बोट दाखवत म्हणाली, "भाऊ, आठे तार व्हती. मी दखी."

तिनं तार पाहिली होती. नानांनी माझ्याकडं पाहिलं. तेव्हा बोलता आलं असतं. एक शब्द पुरला असता.

मी म्हणालो, "कसली तार? नाना, पोरगी घाबरली आहे. ध्यान नसेल तिचं."

ध्यान नसेल तिचं — हे मी म्हणालो. म्हैस चुकून मेली. हे चुकून नव्हतं.

नाना तिला सगळ्यांसमोर बोलले. हिनं जनावर घालवलं, वर खोटं बोलते, म्हणाले. पुन्हा गोठ्यात पाय ठेवू दिला नाही. काही महिन्यांत ती दोंडाईच्याला मावशीकडं गेली, मिरच्या निवडायच्या कामाला. बऱ्याच वर्षांनी नाना वारले, तेही तिला खोटारडी समजूनच.

दहाव्याला ती आली होती. केस पिकलेले, बोटं मिरचीनं लाल. बायकांमधून उठून सरळ माझ्यासमोर आली. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं असंही वाटलं — म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

"भाऊ, पोरं बरी शेतस ना?" तिनं विचारलं.

मी "हो" म्हणालो. ती एसटी गाठायला निघाली.