पडद्यावरचं गाव

जानराव एसटी डेपोत मेकॅनिक होते, पण तालुक्याच्या त्या गावात सगळे त्यांना अर्जवाले जानराव म्हणूनच ओळखत. ओढ्याकाठच्या त्यांच्या गल्लीत नळ आला, खांबावर दिवा लागला, ते त्यांनी अर्ज घेऊन पालिकेत घातलेल्या खेट्यांमुळे. निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. 'आपल्या गावाचा आराखडा आपणच घडवा' असा पुकारा करत पालिकेची गाडी फिरली, तेव्हा गल्लीतली माणसं घेऊन तेच सगळ्यांत आधी सभागृहात पोचले. शेजारची महामाया यायला तयार नव्हती.

"आपन नाही गेलो तं आपलं कोन सांगन?" म्हणून त्यांनी तिलाही नेलंच.

भिंतीएवढ्या पडद्यावर अख्खं गाव उभं होतं. बोटानं झाड उचलायचं, हवं तिथं ठेवायचं. स्टँड, बाजार, देवळाचा कळस, सगळं हुबेहूब. ओढ्याकाठी मात्र नुसतं हिरवं मैदान.

"बाई, अथी आमची घरं हायेत," जानराव म्हणाले.

"काका, ही मोकळी जागा धरलीय," पडदा चालवणारी अनुपमा हसली. "काय हवं ते ठेवा ना. कारंजं, झाड, बाकडं."

"अन् घर?"

"घर यात नाहीये, काका."

मागं रांग खोळंबली होती. काहीच न करता परतणं जानरावांना जमेना. इथं माणसं राहतात एवढं तरी कोणाला कळेल, असं वाटून त्यांनी आपल्या दाराच्या अंदाजानं एक बाकडं ठेवलं. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला.

उन्हाळ्यात घरं रिकामी करायच्या नोटिसा आल्या. नागरिकांच्या पसंतीनुसार ओढ्याकाठी उद्यान होणार होतं. जानराव पालिकेतल्या साहेबांकडे धावले. साहेबांनी संगणकात पाहिलं.

"तुमचीही पसंती आहे की यात. बाकडं तुम्हीच ठेवलंत."

जेसीबी आला आणि गल्ली सपाट झाली.

"काका, तुमी मले तथी काऊन नेलं?" गल्लीतली माणसं बुद्धविहारात जमली, तेव्हा महामायानं सगळ्यांसमोर विचारलं.

विहारातून बाहेर पडल्यावर त्यांची बायको, चांगुणा, एवढंच म्हणाली, "काही ठेवाचंच नोतं. तसेच वापस याचं होतं."

आता दोघं गावाबाहेर भाड्याच्या खोलीत राहतात. महामाया डोणगावला भावाकडे गेली. जायच्या आधी ती चांगुणाला भेटायला आली, गळ्यात पडून रडली. जानराव दारातच उभे होते. ती त्यांच्याकडे न बघता शेजारून निघून गेली.